दफनभूमीतले अप्पा

कुणीही भेटलं की अप्पा आधी त्याची बसल्यावरची उंची नजरेनं मोजत. लिंगायत समाजात मृताला बसवून पुरतात आणि अप्पा गावच्या दफनभूमीत खड्डे खणत. "साहेब, तुमाला साडेचार फूट पुरंल," हे ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

त्यांचं गाव नुकतंच पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं होतं. मी जमीनमोजणीच्या एका खासगी कंपनीत होतो. नव्या रस्त्यांच्या आराखड्यासाठी तिथली पाहणी माझ्याकडे आली. अप्पांनी दफनभूमीची अर्धा एकर जागा हिंडून दाखवली. कुठं चौथरा नाही, फरशी नाही. बेल, कडुनिंब आणि भुसभुशीत माती. सिमेंटची गोणी घेऊन आलेल्याला ते फाटकातूनच परत पाठवत. "मातीला तिचं काम करू द्या. काही वर्सांनी तीच जागा दुसऱ्याला कामी येती." एका बेलाखाली थांबून म्हणाले, "हितं माझी आई. तिच्याच जागंवर आता मंडळी, माझ्या लेकीची आई."

शेजारी नवी सोसायटी झाली होती. तिथले एक गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "अहो, आम्हाला बिल्डरनं समोर बाग सांगितली होती."

"बागच हाय की," अप्पा म्हणाले. "बसलेली मान्सं तेवढी उठत न्हाईत."

निघताना मात्र त्यांनी माझा हात धरला. "साहेब, हितं मान्सं हायत, एवढं लिवा."

मी तसंच लिहिलं होतं. वरिष्ठ म्हणाले, "थडगं दिसतंय का एक तरी? दिसतं तेच लिहायचं." मी वाद घातला नाही. ओळ खोडली आणि 'मोकळी जागा, झाडे' असं लिहून सही केली.

निम्म्या जागेतून रस्ता गेला, उरलेल्या जागेभोवती भिंत आली आणि तिथं पुरणं बंद झालं. मी गेलो तेव्हा अप्पा बाहेर उभे होते. "माझंच चुकलं, साहेब," ते म्हणाले. "चार फरशा बसवायला पायजे व्हत्या." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

अप्पा वारले तेव्हा त्यांना पुरायला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं. तिथं त्यांच्या लेकीला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं.

"अप्पांना ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "कागद दाखवला व्हता त्यांना कुनीतरी. तुमची सही बी."

"मग मला बोलले का नाहीत?"

"भिंतीपाशी तुमी येऊन गेलात, त्या दिवशी म्हनले, पोरगं आपनहून सांगायला आलंय. सांगंल सावकाश."