राहिलेलं नाव

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या गेटवरचे वॉचमन निवृत्त फौजी होते, मूळचे लोणंदकडचे. खुर्ची कायम भिंतीला टेकवून बसायचे आणि काहीही विचारलं की आधी "व्हय साहेब" म्हणायचे. कारगिल विजय दिवसाला त्यांना स्टेजवर बोलवायचं मीच ठरवलं.

"आवं सर, भाषण जमत न्हाई मला. जे परत आले न्हाईत, त्यांची नावं तेवढी घेतो."

माईकसमोर ताठ उभं राहून ते एकेक नाव सावकाश घेत होते. शेवटच्या नावाशी मात्र अडले. ओठ हलले, पण नाव येईना. पोरांना वाटलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. "थांबा, अजून एक हाय," ते म्हणत राहिले. टाळ्यांत पोरांना ते ऐकूच गेलं नाही. शेवटी मी हात धरून त्यांना खाली आणलं.

"चेहरा दिसतोय, सर. एका ताटात जेवायचो आमी. नाव येत न्हाई."

दुपारी ते धापा टाकत माझ्या वर्गाच्या दारात आले. नाव आठवलं होतं. मला हायसं वाटलं, त्यांना नाही.

"लवकर लिवून घ्या, सर. सांजंपातूर ध्यानात ऱ्हाईल का न्हाई, ठावं न्हाई."