डोळे मिटा, हात वर करा

गावात मला सगळे फादर म्हणतात. मी फादर नाही. मला बायको आहे आणि ती हे दिवसातून चारदा सिद्ध करते. मी पाळक. मुरूडच्या अलीकडे एका गावात आमची तीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी आहे, तिचा. पाच वर्षं मी त्याच गावचा सरपंचही होतो. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) गेलो की नळयोजना आठवायची, पंचायतीत बसलो की रविवारचा उपदेश. एका जागी ढुंगण टेकत नसे. फारच घुसमट झाली की आगरदांड्याला जाऊन फेरीबोटीत बसायचो, खाडीपलीकडे दिघीला उतरायचो आणि काही काम नसल्यामुळे त्याच फेरीने परत यायचो.

राजकारणात मी पडलो तो मेलेल्यांसाठी. आमची दफनभूमी गावाच्या टोकाला, उंचवट्यावर. मधे एका निवृत्त गुरुजींची नारळ-पोफळीची वाडी, त्यामुळे वाटच नाही. पेटी खांद्यावर घेऊन पुळणीवरून जायचं, तेही ओहोटीला. आमच्याकडे अंत्यविधीची वेळ पाळक ठरवत नाही, समुद्र ठरवतो. एकदा मयताच्या घरी माझी प्रार्थना लांबली (लांबतेच) आणि वाटेत पाणी गुडघ्याला लागलं. पेटी धरलेला एक जण ओरडला, "पाळकसाहेब, भरभर चला, न्हायतर आमचंपन ह्याच्याबरोबरच उरकून घ्या!"

मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी त्या संध्याकाळी माझा हात धरला. "माज्या वक्ताला तरी ओहोटीची वाट बगाया लावू नकोस, बाबा."

म्हणून उभा राहिलो. निवडून आलो, कारण गावातल्या दोन्ही गटांना खात्री होती की हा माणूस काही करणार नाही.

चौथ्या वर्षी वाडीच्या कडेने वाट काढण्याचा ठराव ग्रामसभेत आणला. शाळेच्या पडवीत गाव जमलं. गुरुजी पुढच्या बाकावर, शेजारी त्यांचा मुंबईहून मुद्दाम आलेला धाकटा भाऊ. वाडी दोघांची. भाऊ आल्याआल्याच म्हणाला होता, "एक फूटभर जागा मिळायची नाही."

आता आमच्या उपासनेतली एक रीत सांगायला हवी. उपदेश संपला की मी म्हणतो, सगळ्यांनी डोळे मिटा. ज्याच्या मनावर काही ओझं आहे त्याने हात वर करा, मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन. डोळे फक्त पाळकाचे उघडे. आणि त्याने जे पाहिलं ते त्याने बायकोलाही सांगायचं नसतं. वीस वर्षांत मी ते सांगितलेलं नाही. बायकोने विचारूनही.

त्या दिवशी ठराव वाचून झाला, मी मनाने अर्धा रविवारच्या उपासनेतच होतो, आणि तोंडातून गेलं, "सगळ्यांनी डोळे मिटा. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

गंमत म्हणजे गावाने डोळे मिटले. ग्रामसेवकानेसुद्धा. आणि भराभर हात वर झाले. पुढच्या बाकावर, भावाच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या गुरुजींचाही.

ग्रामसेवक भानावर आला. "ओ साहेब, ही काय प्रार्थना हाय काय? उघड्या डोळ्यांनी घ्या!"

परत घेतलं. या वेळी प्रत्येकाने आधी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचे हात मांड्यांखाली. मग बाकीच्यांचेही खालीच राहिले.

इथे मी गप्प बसायचं होतं. पाळक गप्प बसला असता. पण आजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि सरपंच बोलून गेला, "गुरुजी, मघाशी तर तुमचा हात वर होता!"

गुरुजी सावकाश उठले. "हो. होता," म्हणाले आणि हात वर केला. भाऊ चपला घालून निघून गेला. ठराव मंजूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्याही.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. गुरुजी नारळ सोलत होते. वर न बघता म्हणाले, "वाट मी दिलीच असती हो. भावाला समजावून, माझ्या वेळेला. तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत." मग बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला. तो प्यायला जितका जड गेला तितका दुसरा कुठलाच नाही.

श्रावणात आजी गेल्या. भर दुपारी, ऐन भरतीला. पेटी वाडीतून कोरडी गेली. बेड्याशी, वाडीच्या फाटकात, गुरुजी एकटेच उभे होते. भाऊ त्या दिवसापासून वाडीत फिरकला नव्हता.

ग्रामसभेपासून उपासनेत वर होणारे हात कमी कमी होत चालले होते. आजींना पुरल्यानंतरच्या रविवारी उपदेश संपला, मी सवयीने म्हणालो, "डोळे मिटा." समोर पाहिलं तर मंडळीचे टक्क उघडे डोळे माझ्यावर. ज्यांच्यासाठी वाट काढली तेच. हात एकही वर नाही.

घरी बायको म्हणाली, "बरोबरच आहे. उद्या सभेत त्यांचं नाव घेतलंत तर?"

आठवडाभर मी दिघीच्या चकरा मारल्या. त्यानंतरच्या रविवारी म्हणालो, "आज डोळे मी मिटतो. ज्याला हात वर करायचाय त्याने करा." आणि मंडळीकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून उभा राहिलो.

मागे बाकं करकरली. कोणीतरी नाक ओढलं. वळून बघावंसं फार वाटत होतं.