आमची टीम पहिली आली

आमच्या गावची फुटबॉलची टीम सात वर्षांत एकही सामना जिंकलेली नव्हती, त्यामुळं आठव्या वर्षी ती कप आणणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

हे ऐकून लोक हसायचे. हसू द्या. सात वर्षं हरून झाल्यावर हरायचं शिल्लक तरी काय राहतं? आमचा थोरला पोरगा दत्ता या टीमचा गोलकीपर. वय चौतीस आणि पोट वयाच्या पुढं चाललेलं. तो साखर कारखान्यावर वजनकाट्याला कामाला आहे. दिवसभर समोरून उसाच्या गाड्या आत सोडायची सवय, ती मैदानातही सुटत नाही. चेंडू आला की शांतपणे बघतो, आत जाऊ देतो आणि पुढच्याची वाट बघतो.

मी चौथीपर्यंत शिकलेली. फुटबॉलचं मला एवढंच कळतं की शेळी पिकात शिरू द्यायची नाही आणि चेंडू जाळीत शिरू द्यायचा नाही. पहिलं काम मी चाळीस वर्षं केलंय, त्यामुळं दुसऱ्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते. (दत्ता तसं समजत नाही.)

सामने कळंबला होतात, संक्रांत झाली की लगेच. दोन दिवसांत आटोपतात. आमचे अर्ध्या दिवसात आटोपतात. मग उरलेलं वर्ष काय करायचं? उरलेलं वर्ष आम्ही जिंकत असतो. त्यात मी सगळ्यांच्या पुढं, कारण कळंबच्या आठवडी बाजारात मी शेळ्या विकायला बसते आणि तिथल्यासारख्या बातम्या कुठल्या पेपरात येत नाहीत.

त्या वर्षी चैत्रातच माझ्या कानावर एकेक गोष्ट यायला लागली. धाराशिवच्या टीमचा गोलकीपर नोकरीसाठी पुण्याला गेला, हे त्याच्या मावशीनंच सांगितलं. ढोकीचा एक गडी आमच्या गावचा जावई झाला आणि आता तो आमच्याकडून खेळणार होता. तोही आजवर हरतच आलेला, पण ढोकीवाले आमच्यापेक्षा कमी गोलांनी हरायचे, म्हणजे माणूस अनुभवी. आणि सगळ्यात मोठी बातमी म्हणजे कळंबच्या टीममधला तो उंच पोरगा, ज्यानं आदल्या वर्षी एकट्यानं आमच्यावर पाच गोल केले, त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न झालेला माणूस पळत नाही. आमच्या म्हाताऱ्याकडं बघून मी हे खात्रीनं सांगत होते. लग्नाआधी तो एसटीमागं पळून बस पकडायचा. लग्नानंतर पुढच्या बसची वाट बघायला लागला.

एवढं सगळं जुळून आल्यावर गप्प बसायला मी काय दगड आहे? एका मंगळवारी मी उठले, कळपातला सगळ्यात चांगला बोकड घेतला आणि लक्ष्मीआईच्या देवळात गेले. म्हाताऱ्यानं दारातच विचारलं, टीम हरली तर काय करशील? मी म्हटलं, हरायचा प्रश्नच येत नाही.

देवळात गुरव होता, शेजारची कौसाबाई निवद घेऊन आली होती, आणखी दहाबारा माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले, "लक्ष्मीआई, यंदा आमची टीम कळंबात पहिली येऊ दे. ह्यो बोकड तुझा. आख्ख्या गावाला कंदुरी घालते."

गुरवानं बोकडाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, कंदुरीचं मटण कुणाच्या घरी शिजवायचं यावर लगेच चर्चा झाली आणि मी मोकळ्या हातानं घरी आले. मोकळ्या हातानं, कारण देवीला बोललेला बोकड आमच्याकडं बांधत नाहीत. विकत नाहीत. त्याला कुणी काठीही लावत नाही. नवस फिटेपर्यंत तो गावभर मोकळा हिंडतो. नवस चैत्रात बोलला आणि सामने संक्रांतीला, म्हणजे मध्ये नऊ महिने आहेत, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. (चौथीत भागाकार झाला होता, महिने मोजायचे झाले नव्हते असं नाही. पण टीम जिंकणारच होती ना!)

आठ दिवसांत बोकडाला कळलं की आपल्याला कुणी मारत नाही. पंधरा दिवसांत त्याला कळलं की आपल्याला कुणी मारूच शकत नाही. गावानं त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेबानं कौसाबाईची मेथी खाल्ली, सरपंचाच्या दारातलं तोरण खाल्लं, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्याच्या उपरण्याचं टोक पाहुणा चहा पीत असताना खाल्लं. ते लग्न मोडलं नाही, पण पाहुण्यांनी मुलीपेक्षा बोकडाचीच जास्त चौकशी केली.

एकदा म्हातारा ओरडत घरात आला, "अगं, बोकड माझ्या बीपीच्या गोळ्या खायलाय."

मी बाहेर जाईपर्यंत कागदासकट पाकीट संपलं होतं. त्यानंतर दोन दिवस बोकड एकदम शांत होता. म्हातारा नव्हता.

तक्रारी अर्थातच माझ्या दारात यायच्या. मी प्रत्येकाला एकच सांगायची की संक्रांतीपर्यंत थांबा, टीम जिंकली की साहेब गेलाच म्हणून समजा. आणि इथं गंमत झाली. आजवर टीमवर माझा एकटीचा भरवसा होता. आता ज्याच्या ज्याच्या दारातलं काही बोकडानं खाल्लं, तो तो माणूस टीमचा पाठीराखा झाला. दिवाळीपर्यंत सगळं गाव आमच्या मागं उभं होतं. सरपंचानं नवीन टी-शर्ट दिले. कौसाबाई, जिला भोपळा आणि फुटबॉल यातला फरक सांगावा लागला असता, ती रोज संध्याकाळी सरावाला जाऊन बसायला लागली. सोबत काठी. बोकडावर उगारता येत नाही ती काठी ती खेळाडूंवर उगारायची. ढोकीचा जावई आठवड्यात दोन किलो उतरला.

मार्गशीर्षात साहेबानं सरावाच्या गोलची जाळी खाल्ली, निम्मी. मी दत्ताला म्हटलं, आता रे? तो म्हणाला, बरं झालं, चेंडू आत गेला तरी मागून बाहेर पडतो, वाकून काढायला नको.

पौषात कौसाबाईची ज्वारी हुरड्यात आली आणि साहेब तिच्या रानातच मुक्कामाला गेला. तिचं दीड एकर. रोज सकाळी ती बांधावर उभी राहून त्याला हात जोडायची, बाहेर ये म्हणायची, आणि तो तिच्याकडं बघत बघत चावायचा. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. आमची भिंत एक, चूल एकमेकींच्या विस्तवानं पेटलेली, आणि आता ही बाई माझ्याशी चार शब्द बोलली तर त्यातले तीन ज्वारीबद्दल. शेवटी तिनं मला स्पष्टच सांगितलं, "अक्का, तुमची टीम जिंकली तर माझं कणीस वाचंल. न्हाय जिंकली तर तुमच्या दारात म्या पुन्यांदा पाय ठिवायची न्हाय."

मी म्हटलं, "जिंकली म्हणूनच धर."

सामन्याच्या दिवशी टेम्पोवाल्याला सकाळी दुसरं भाडं होतं, म्हणून त्यानं आम्हाला पहाटेच कोंबलं. अकरा खेळाडू, म्हातारा, मी, गुरव, काठीसकट कौसाबाई आणि जागा उरली त्यात सरपंच. कळंबला पोचलो तेव्हा मैदानावर एक कुत्रं आणि चुन्याच्या रेघा मारणारा एक माणूस, एवढंच होतं. तासाभरानं वही घेऊन एकजण आला आणि त्यानं आमच्या टीमचं नाव सगळ्यात वर लिहिलं. मी म्हटलं, शकुन चांगला आहे.

मग कळंबची टीम आली. तो उंच पोरगा होता. त्याचं लग्न झालं होतं आणि त्याची बायको नवी साडी नेसून सामना बघायला खुर्चीत बसली होती. तो असा पळाला, असा पळाला, की माझ्या लक्षात आलं, मी आयुष्यात एकच नवरा नीट बघितलाय आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायला नको होता.

पाचव्या गोलनंतर मी रेघेजवळ जाऊन दत्ताला विचारलं की बाबा, निदान हात तरी का घालत नाहीस.

तो म्हणाला, "आय, उसाची गाडी काट्यावर थांबती तरी. ह्यो थांबतच न्हाय."

नऊ गोल झाले. आमचा एकही नाही. ढोकीच्या जावयानं एकदा चेंडू जोरात मारला होता, पण तो कौसाबाईच्या दिशेनं आल्यामुळं तिनं काठीनं अडवला. दिवसभरातला आमचा तेवढाच एक बचाव.

परत येताना टेम्पोत खेळाडू फोनमध्ये तोंड घालून बसले होते. म्हातारा खिडकीकडं बघून मिशीत हसत होता, ते मला मागूनही दिसत होतं. कौसाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं शिव्या देते. गाव दिसायला लागल्यावर तिनं डोळे उघडले.

"अक्का, तुमी नवस काय बोलला होता? शब्दाला शब्द सांगा."

"आमची टीम कळंबात पहिली येऊ दे."

"मग आली की."

टेम्पोत सगळ्यांनी माना वळवल्या.

"मैदानावर पहिलं कोण आलं? आपण. वहीत पहिलं नाव कुणाचं? आपलं. टीम पहिली आली का न्हाय?"

दोन मिनिटांपूर्वी मेल्यासारखे बसलेले अकरा जण ताठ झाले. कंदुरीचं मटण त्यांना लांबून दिसायला लागलं होतं. सरपंच म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. टेम्पोवाल्यानं कुणी न सांगता गाडी सरळ देवळापुढं नेऊन उभी केली.

मी भडकले. पहिली म्हणजे जिंकून पहिली, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं मी म्हटलं. तशी कौसाबाई म्हणाली, "तुमी जिंकून म्हणला होता का? देवीला काय फुटबॉल कळतंय? तुमी पहिली आण म्हणला, तिनं पहिली आणली. आणिक काय करावं बाईनं?"

देवीकडून मी गोलांची अपेक्षा केली होती, तिनं टेम्पोची सोय केली होती. लोक जमले, दोन तट पडले. म्हणजे एका तटात सगळं गाव आणि दुसऱ्यात मी. कुणीतरी म्हणालं की देवीला कौल लावा.

गुरवानं नकार दिला. "बोलणारी हितं जित्ती उभी हाय, कौल कशाला? अक्का, लक्ष्मीआईच्या पायाला हात लावा आन् सांगा. बोलताना तुमच्या मनात काय होतं? जिंकायचं, का पोचायचं?"

मी पायरी चढून आत गेले आणि देवीच्या पायावर हात ठेवला. दगड थंडगार होता.

खरं सांगितलं तर साहेब पुढच्या संक्रांतीपर्यंत गावात राहणार, कौसाबाईची ज्वारी जाणार आणि तिच्या मागून कौसाबाई जाणार. खोटं सांगितलं तर आठ वर्षं मी जे छातीठोकपणे सांगत आले ते मीच अकरा जणांच्या तोंडावर पुसून टाकणार. दत्ता पायरीशी उभा होता. गुडघे धुळीनं माखलेले, नव्या टी-शर्टातून पोट बाहेर आलेलं. तो माझ्याकडं बघत होता. चेंडूकडं असा बघितला असता तर एकदोन तरी अडवले असते.

"पोचायचं," मी म्हटलं.

कौसाबाईनं तिथंच माझ्या पायावर डोकं ठेवलं.

चार दिवसांनी कंदुरी झाली. मटण चिवट होतं. जाळी, तोरण आणि गोळ्या खाल्लेल्या बोकडाकडून दुसरं काय होणार? दत्तानं तीनदा वाढून घेतलं, पण माझ्याशी बोलला नाही. हात धुताना मात्र त्यानं हळूच विचारलं, "आय, खरंच का गं? तुला नुसतं पोचायचंच वाटत हुतं?"

मी त्याच्या हातावर आणखी पाणी ओतलं. खरं सांगून त्याला पटलं नसतं. आठ वर्षं मी देवाशपथ खरं बोलत होते की टीम जिंकणार, तेव्हा गाव पोट धरून हसायचं. आणि जन्मात एकदाच देवीच्या पायावर हात ठेवून खोटं बोलले, तर ते अख्ख्या गावाला, गुरवाला, म्हाताऱ्याला आणि आमच्या अकराच्या अकरा खेळाडूंना एका क्षणात पटलं.