बुडबुडेसाहेबांची रजा

“अहो, खोकल्याचं औषध होतं ते! अर्धी बाटली मोरीत ओतलीत?”

“वरती बुडबुडे होते,” तो पुटपुटला.

“मग? माझा खोकला काय बुडबुडे मोजत बसणार होता? आणि विषय बदलू नका. उद्याची रजा का टाकलीत?”

उद्या सासूबाईंची अँजिओप्लास्टी होती, तीही जावयाच्याच हॉस्पिटलात. हृदयाच्या रक्तवाहिनीत आतून चित्र काढायला एक बारीक नळी सरकवतात. ती सलाइनने भरून, टिचक्या मारमारून तिच्यातली हवा काढायची, हे त्याचं काम. हवा आत गेली तर रक्त घटकाभर अडतं, छातीत कळ येते, मॉनिटरवरची रेघ उड्या मारायला लागते. चौदा वर्षांत एकच बुडबुडा त्याच्या नजरेतून निसटला होता. पेशंट चार मिनिटांत सावरला, संध्याकाळी चहा फिका झाला म्हणून नर्सवर खेकसलासुद्धा. सावरला नाही तो हा. तेव्हापासून शाम्पू म्हणू नका, शाई म्हणू नका, दिसेल त्याला टिचक्या. एकदा तर मोठ्या डॉक्टरांच्या हातातल्या सरबताच्या ग्लासालाही मारली. तेव्हापासून सगळं हॉस्पिटल त्याला बुडबुडेसाहेब म्हणायचं.

“घरचं माणूस टेबलावर,” तो म्हणाला. “हात थरथरला तर?”

“परक्यांच्या आयांना चालतो तुमचा हात, माझ्या आईला नाही?”

“अगं, तिच्यासाठीच तर...”

“तुमच्या जागी कोण आहे?” सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून त्या सकाळपासून घरभर हिंडत होत्या.

“दुसऱ्या पाळीचे एक जण. अनुभवी आहेत.”

“चुकलेत कधी?”

“नाही. ते म्हणतात, माझ्या हातून चूक होणं शक्यच नाही.”

“हे असंच म्हणायचे गाडी चालवताना.” सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. “तीन वेळा गटारात गेलो. दोनदा तर एकाच गटारात.”

बायकोला हसू आवरेना आणि खोकलाही. तो उठून तिला पाणी द्यायला निघाला, पण सासूबाईंनी हातानेच त्याला खाली बसवलं.

“तुम्ही घाबरता ना, जावईबापू?”

“फार.”

“मग रजा रद्द करा. नळी तुम्हीच भरायची, नाहीतर मी घरातून हलणार नाही. सहाला निघायचंय.”