दुसऱ्या छपराखालची कॉपी

इमारतीत तिला सगळे बॅकअपताई म्हणत. हे नाव ठेवलं तिच्या नवऱ्यानेच. ती रोज संध्याकाळी दातांच्या दवाखान्यातून घरी यायची, पर्समधून लोकरीचा मोजा काढायची, मोज्यातली काळी हार्ड डिस्क कपाटात कपड्यांच्या घडीखाली सरकवायची आणि मगच घोटभर पाणी प्यायची. हे बघून बघून तो एकदा जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या हिचा जीव माझ्यात नाही हो, त्या डबीत आहे. बॅकअपताई आहे ती!" लोक हसले, तीही हसली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. पेशंटना वेळा द्यायच्या, फोन घ्यायचे, घाबरलेल्यांना "काही दुखत नाही हो" असं धडधडीत खोटं सांगायचं, आणि दिवस संपला की सगळे एक्स-रे, सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवरून हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या. डिस्क दोन होत्या. एक दवाखान्यात, एक तिच्या घरी, रोज अदलाबदल. ही रीत काही तिने स्वतःच्या मनाने काढलेली नव्हती. दवाखान्याचा पहिला कॉम्प्युटर एक दिवस जो बंद पडला तो उठलाच नाही, आणि इतक्या वर्षांचे एक्स-रे त्याच्यासोबत गेले. तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला होता, "एक कॉपी दुसऱ्या छपराखाली झोपली पाहिजे." डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. मागे वळूनही न बघता म्हणाले, "ताई, तुमचं घर जवळ आहे. तुम्हीच नेत जा."

झालं! तेवढ्या एका वाक्यावर ही बाई ती डबी तळहाताच्या फोडासारखी जपत राहिली. नणंदेकडे मुक्कामाला गेली तरी मोजा सोबत. कुणी वेडी म्हणालं तर म्हणू दे.

त्यामुळे शेजारीपाजारी असल्या खरेदीला निघाले की आधी तिचं दार वाजवायचे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर ठाण मांडून बसायचे.

"नातवाचे फोटो पेन ड्राइव्हवर ठेवले तर चालेल ना?"

"तो न्यायला-आणायला ठीक आहे हो, ठेवायला नाही. आमच्या डॉक्टरांचे दोन शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेले."

"मग सीडी?"

"ती वाचणार कशावर? आता कुठल्या कॉम्प्युटरला तो खण असतो?"

मग ती त्यांना समजावायची. तबकडी फिरणारी हार्ड डिस्क स्वस्त, पोटात जागाही भरपूर, पण टेबलावरून पडली की टकटक करत प्राण सोडते. नवी, आत काहीच न फिरणारी एसएसडी पडली तरी हूं की चूं करत नाही, चालतेही भराभर. पण महाग, आणि वर्षानुवर्षं कपाटात तशीच टाकून दिली तर आतलं विसरायला लागते म्हणे. मास्तर म्हणायचे, मग इंटरनेटवरच टाकतो सगळं. "टाका की. पण फोनमधला फोटो पुसलात तर पुष्कळदा तिकडचाही जातो. आणि पासवर्ड तुम्हाला दर वेळी सुनेला विचारावा लागतो." मास्तर वैतागायचे. "अहो, मग घेऊ तरी काय?"

"काहीही घ्या, पण दोन घ्या. आणि एक मुलीच्या घरी ठेवा."

मास्तरांनी सगळं मन लावून ऐकलं आणि एकच आणली, रंग छान होता म्हणून. अशा माणसांपुढे डोकं फोडून काय उपयोग!

डॉक्टरांच्या त्या कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदींखेरीज आणखी एक फोल्डर होता. नाव 'घर'. डॉक्टरांच्या बायकोला ताई वहिनी म्हणायची. वहिनी आजारपणात गेल्या, तेव्हा त्यांचे फोटो आणि फोनवर काढलेले लहान लहान व्हिडिओ डॉक्टरांनी घरून उचलून दवाखान्यात आणून ठेवले. घरी की फोनवर काही ठेवलं नाही; तिथे बघवत नाहीत, म्हणाले. दुपारी पेशंट नसले की केबिनचं दार लागायचं आणि आतून वहिनींचा आवाज यायचा, "अहो, पुरे तुमचं शूटिंग, भाजी करपतेय!" बाहेर ताई फोनची घंटी बारीक करून ठेवायची. तिलाही भरून यायचं. तिच्या ऑपरेशनच्या वेळी वहिनी तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या, आणि डॉक्टरांना चक्क काउंटर सांभाळायला लावलं होतं. रोजच्या बॅकअपमध्ये ती 'घर'ही न चुकता घ्यायची. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. एकदा तर स्वतःच म्हणाले होते, "ते तेवढं विसरू नका हं, ताई."

मग एका सुट्टीच्या दुपारी दवाखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या वायरिंगने पेट घेतला. खुर्ची, काउंटर, कॉम्प्युटर, आणि त्याच्याशेजारी ठेवलेली ती दुसरी डिस्क, सगळ्याचा कोळसा झाला. डॉक्टर समोरच्या फुटपाथवर डोकं धरून बसले. दवाखाना एका मोठ्या कंपनीला विकायचं अगदी ठरत आलं होतं. कंपनीला त्यांच्या जुन्या खुर्च्यांशी काय करायचं होतं? तिला हवे होते पेशंट, म्हणजे त्यांच्या नोंदी. आणि त्याच जळाल्या.

बातमी कळताच घरून धावत आलेल्या ताईने पर्समधून मोजा काढला. डॉक्टरांनी मोज्यासकट तिचे हात धरले आणि तिथे रस्त्यावर हमसून हमसून रडले. "ताई, तुम्ही मला पाठच्या बहिणीसारख्या आहात. नव्या लोकांकडे तुमची नोकरी पक्की करून देतो, हा माझा शब्द." नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या पगारावर, पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं कोण दारात उभं करणार होतं? त्या शब्दावर ती निर्धास्त झाली.

कंपनीच्या काचेच्या खोलीत बैठक झाली. अधिकारी बाईंचा आवाज मधासारखा गोड.

"पेशंटची खासगी माहिती तुम्ही रोज घरी नेत होतात. कोणाच्या परवानगीने?"

ताईने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर समोरचा पाण्याचा ग्लास उगाचच गोल फिरवत होते.

"मला याची काही कल्पना नव्हती," ते म्हणाले.

ताईच्या कानशिलात कुणी सणसणीत लगावली असती तरी एवढं लागलं नसतं. "अहो डॉक्टर, तुम्हीच नाही का बेसिनपाशी..."

"मला नाही आठवत, ताई."

आठवत नाही! इतक्या वर्षांत रोज सकाळी "आणली ना डबी?" असं विचारणाऱ्या माणसाला आठवत नाही! अधिकारी बाई समजुतीच्या सुरात सांगत होत्या, आम्ही तक्रार वगैरे करणार नाही, पण अशा व्यक्तीला कामावर घेता येणार नाही, आणि ही डिस्क आत्ता इथेच, आमच्यासमोर, तुमच्या हाताने पुसून टाका.

कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याने आधी पेशंटच्या नोंदी उतरवून घेतल्या, मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बटण दाबलंत की कायमचं जाईल, पुन्हा निघणार नाही. बाकी काही कामाचं आहे का यात?"

पडद्यावर पेशंटच्या फोल्डरखाली दुसरा एकच होता. 'घर'.

तिने बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. डॉक्टरांकडे चांगलं रोखून बघितलं. पडदा त्यांनाही दिसत होता. 'थांबा, ते माझं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं तर डिस्क आपल्याला माहीत होती हेही कबूल करावं लागणार, आणि मग सगळं त्यांच्यावर शेकणार. डॉक्टर मूग गिळून बसले. ती वाट बघत राहिली. तिला खरंच वाटत होतं की आता बोलतील, निदान वहिनींसाठी तरी बोलतील.

"काही नाही," ताई म्हणाली आणि बटण दाबलं.

काही दिवसांनी डॉक्टर तिच्या दारात आले. आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले.

"रागावलात ना? रागवा. मी हो म्हटलं असतं तर व्यवहार मोडला असता."

"आणि माझी नोकरी मोडली, ती चालली."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "ती दुसरी कॉपी न्यायला आलो होतो. 'घर'ची."

"कसली दुसरी?"

"अहो, तुम्ही इतक्या शांतपणे पुसलंत, तेव्हाच मी ओळखलं की घरी आणखी एक असणार. तुम्ही कधी एकीवर भरवसा ठेवता का!"

"दुसरी दवाखान्यात होती, डॉक्टर. ती जळाली."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग आवाज चढला. "मग बोलायचं नाही का तुम्ही? त्यात काय आहे ते माहीत होतं तुम्हाला!"

"माहीत होतं. म्हणून तर थांबले होते. बटणावर बोट ठेवून तुमच्याकडे बघत थांबले होते. मी काय म्हणून बोलणार? तुम्हाला तर त्या डिस्कची कल्पनाच नव्हती."

डॉक्टर उठले. दाराची कडी त्यांना धड सापडेना, ती तिनेच काढून दिली. जिन्यात मास्तर भेटले, काहीतरी बोललेही, पण डॉक्टर न थांबता खाली गेले.

आतल्या खोलीत नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो खुशीत बाहेर आला. "शाब्बास! बरी जिरवलीस त्याची. असंच पाहिजे होतं त्याला."

ताई भिंतीला टेकून खाली बसली होती. "गप्प बसा हो," ती म्हणाली. "वहिनींनी माझं काय वाईट केलं होतं?"