राजवट आणि काकीचं स्टूल

काकी दारावरची पाटी आधी कधीच वाचायची नाही. काखेतलं हिरवं घडीचं स्टूल फटकन उघडायची, पेशंटला त्यावर टेकवायची आणि म्हणायची, "आधी बस. मगे बघूया, कोण नाय म्हणता ता."

अंधेरीतल्या दवाखान्यांत तुम्ही कधी खेटे घातले असतील, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. स्वतः कायम उभी. गल्लीत कुणाचं ऑपरेशन अडलं की ती आमदाराचं शिफारसपत्र मिळवायची आणि सरकारी मदत कक्षात जायची, तेही पेशंटला सोबत घेऊन. "नुसतो कागद धाडलंस तर कागदच परत येतलो," म्हणायची. अट एकच. बरा झालास की पुढच्याला तू घेऊन यायचं.

त्या वर्षी निवडणूक झाली आणि सरकारच बनेना. बहुमत कुणाकडेच नव्हतं. राष्ट्रपती राजवट लागली, मंत्री घरी गेले, सगळा कारभार राज्यपालांच्या हातात गेला. मुख्यमंत्रीच नाहीत, म्हणून त्यांच्या नावाने चालणाऱ्या मदत कक्षाला कुलूप लागलं. मी तेव्हा चौकाचौकात पत्रकं वाटत होते. मथळा माझाच: 'न निवडलेल्या हातांनी आमच्या तिजोरीला शिवू नये.' मला तो आजही बरोबर वाटतो.

काकीने पत्रक वाचलं तेव्हा तिच्यासोबत वर्सोव्याचा एक कोळी होता. बोट दुसऱ्याची, हा नुसता जाळी ओढणारा, तरी ती त्याला नाखवा म्हणायची. त्याच्या हृदयाची झडप गेली होती. आठवड्यात मदतीचं पत्र आलं नाही तर ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला जाणार होती. पुढच्या तारखेपर्यंत हा टिकेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. चार पावलं टाकली की त्याचे ओठ निळे पडायचे.

"न निवडलेल्यांनी शिवायचा नाय," काकी म्हणाली. "मग कोणी शिवायचा?"

"निवडून आलेल्यांनी."

"ते खंय आसत?"

"जुहूला, हॉटेलात. फुटू नयेत म्हणून पक्षाने कोंडून ठेवलेत."

"मग चल."

हॉटेलच्या फाटकाशी पोलीस होते, कॅमेरे होते. काकीने स्टूल उघडून नाखव्याला बसवलं.

"इधर बैठना मना है," वॉचमन म्हणाला.

"मी खंय बसलंय?" काकी म्हणाली.

दुपारी आमदारांची बस बाहेर पडली. आमचा आमदार खिडकीत दिसला तशी काकी बसच्या आडवी गेली. त्याने काच सरकवली.

"अहो काकी, हे काय?"

"चिठ्ठी द्या, साहेब."

"लेटरहेड ऑफिसात राहिलं. आणि देऊन काय उपयोग? आमचा अजून शपथविधीच नाही. सध्या सगळं राज्यपालांकडे, त्यांना लिहा ना." काच बंद झाली.

काकी माझ्याकडे वळली. "ऐकलंस? लिही."

"हात लावू नका म्हणून मी छापलंय, काकी. आता त्यांनाच विनंती करू?"

"ह्याच्याकडे बघ आणि सांग, नाय लिहीत म्हणान."

नाखवा आमच्याकडे बघतच नव्हता. तोंडाने श्वास घेत तो समुद्राच्या बाजूला बघत बसला होता.

कोरा कागद कुणाकडेच नव्हता. मी पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, की आपल्या अधिकारात मदत कक्ष उघडावा. एका बाजूला शिवू नका, दुसऱ्या बाजूला कृपया शिवा.

"त्यांनी उलटून बघितलं तर?"

"बघूदेत. दोन्ही तूच लिवलंस ना? दोन्ही खरांच असतला."

राजभवनाच्या फाटकावर एका शिपायाने तो कागद दोन बोटांत धरून घेतला. मग काही दिवस काकी रोज दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर उभी राहायची. नुसती उभी. नाखव्याची तारीख रद्द करायची त्यांची हिंमत होऊ नये म्हणून.

तारखेच्या आदल्या दिवशी राज्यपालांनी मदत पुन्हा सुरू केल्याची बातमी आली. अर्ज कितीतरी गेले असणार; आमचा कुणी वाचला का, देव जाणे. नाखव्याचं ऑपरेशन झालं.

मी धुमसत होते. "हक्क होता तो, काकी. मेहेरबानी म्हणून मिळाला. उद्या त्यांच्या मनात आलं नाही तर?"

"तां खरां," ती म्हणाली. "पण झडप बसली ना? आता तू भांड."

मागच्या शिमग्याला काकी गावी गेली आणि तिथेच गेली.

आता सरकार आहे, अर्थसंकल्पही मंजूर आहे. तरी दवाखान्याचा निधी वर कुठेतरी अडकलाय आणि औषधांच्या खिडकीवर 'औषधं नाहीत' अशी पाटी लागली आहे. परवा मी नवी पत्रकं घेऊन तिथे गेले. माणसं पाटी वाचून परत फिरत होती. तेवढ्यात जिन्याने एक रापलेला माणूस वर आला. त्याला धाप लागली नव्हती. मागे एक म्हातारी, आणि त्याच्या काखेत हिरवं स्टूल.

पाटीकडे न बघता त्याने ते फटकन उघडलं.

"आधी बस, आये," नाखवा म्हणाला आणि स्वतः उभा राहिला.