उतारावरचा ग्रॅनाइट

चेन्नईत हिवाळा म्हणजे ओल. पाऊस थांबला तरी भिंती आणि जिने लवकर सुकत नाहीत. मार्गळी या तमिळ महिन्यातल्या अशाच एका सकाळी, तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या इमारतीच्या दारात आई पडली.

वडील गेल्यानंतर मी तिला साताऱ्याहून माझ्याकडे आणलं होतं. मी सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसने गेले की अंधार पडताना घरी. तमिळचं अक्षर न येणाऱ्या आईचा दिवस कसा सरणार, याची मला धास्ती होती. ती दूर केली तळमजल्यावरच्या काकांनी. ते तंजावरकडच्या मराठी घरातले, बँकेतून निवृत्त झालेले, आणि आमच्या अपार्टमेंट असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. "अक्का, जेवण जालें?" असं ते विचारायचे आणि आईला हसू यायचं. ती त्यांना भाऊ म्हणू लागली. संध्याकाळी दोघं दारातल्या बाकावर बसून बोलत. कधी काकूही येऊन बसत.

त्या पावसाळ्याच्या आधी असोसिएशनने दारातला ओबडधोबड उतार काढून तिथे काळा, चकचकीत ग्रॅनाइट बसवला होता. दिसायला देखणा. रोज पहाटे वॉचमन तो पाण्याने धुवायचा, म्हणजे बायकांना समोर कोलम काढता यायचा. आईला ती रांगोळी बघायला आवडे. त्या दिवशी ती चहा पिऊन खाली गेली आणि काही क्षणांत वॉचमनची हाक ऐकू आली. मी धावले. आई ओल्या दगडावर आडवी होती, एक पाय विचित्र वळलेला. "मला हलवू नकोस गं," एवढंच ती म्हणाली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, पण आई पूर्वीसारखी चालणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी असोसिएशनच्या सभेत गेले तेव्हा खजिनदार म्हणाले, "पाऊस काय आम्ही पाडला? या वयात बघून चालायला नको?" काका खाली मान घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिथून मी सरळ एका वकीलबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "दारातली जागा सगळ्यांच्या वापराची, म्हणजे ती सुरक्षित ठेवणं असोसिएशनचं काम. पण ते म्हणणार, धोका आम्हाला माहीतच नव्हता. त्यांना माहीत होतं, हे दाखवता येईल का?"

घरी येऊन मी आईला हे सांगितलं.

"भाऊंना माहीत होतं," ती म्हणाली. "दिवाळीत ते स्वतःच घसरले होते. मला म्हणाले, अक्का, हा दगड बदलायला हवा, पण कमिटी ऐकत नाही, आणि मलाही पुन्हा वाद नको."

"हे वकिलांना सांगशील?"

"विश्वासाने बोलले गं ते. ते कोर्टात जाऊन सांगायचं?" मग म्हणाली, "आधी त्यांना बोलाव. माझ्यासमोर बसून काय ते बोलू देत."

मी तळमजल्यावरची बेल वाजवली. काकूंनी दार अर्धवट उघडलं. आत खुर्चीत काका दिसत होते. काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "असोसिएशनच्या वकिलांनी सांगितलंय, तुमच्याशी काही बोलायचं नाही. वाईट वाटतं असं म्हटलं तरी ती कबुली धरतात म्हणे." काकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबले. काकूंनी हळूच दार लावून घेतलं.

आईला सांगितलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. दोन-चार दिवसांनी एका सकाळी म्हणाली, "बोलाव तुझ्या वकीलबाईंना. खरं आहे तेच सांगीन."

आम्ही दावा दाखल केला. असोसिएशनच्या वकिलाने आईच्या चपलांपासून तिच्या चष्म्यापर्यंत सगळं काढलं. ती स्वतःच्या जोखमीवर ओल्यात गेली, असंही म्हटलं. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं आणि तिथे, आईचा जबाब समोर आल्यावर, असोसिएशन नमलं. धोका माहीत असूनही काही केलं नाही, हे त्यांनी मान्य केलं. उपचारांचा खर्च उचलला. ग्रॅनाइट काढून खरखरीत फरशी बसवली, बाजूला कठडा लावला.

काकांनी तोवर सेक्रेटरीपद सोडलं होतं. फरशीचं काम चालू असतानाच ते काकूंना घेऊन बंगळूरला मुलाकडे राहायला गेले. जाताना ते वर आले नाहीत.

काम संपल्यावर तडजोडीवर सह्या झाल्या त्या दिवशी मी आईला सगळं वाचून दाखवलं.

"भाऊ आले होते का तिथे?"

"नाही. वकील आले होते."

तिने वॉकर पुढे ओढला आणि सावकाश उठली. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाली. खिडकीपर्यंत जाऊन ती उभी राहिली. खाली दारातल्या बाकावर बसून कुणीतरी मोठ्याने तमिळमध्ये बोलत होतं. काय म्हणताहेत, असं तिने विचारलं, आणि मी सांगायच्या आत म्हणाली, "जाऊ दे, खिडकी लाव. डास येतात."